अभिरूप खटला कसा उभा करायचा : तीन पोती हळद, पाच आठवडे

शाळा-कॉलेजात ‘अभिरूप न्यायालय’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. एकीत तथ्यांवर वाद नसतो. अपील असल्यासारखं फक्त कायद्याच्या मुद्द्यावर बोलायचं असतं, आणि ते विधी महाविद्यालयातल्या मुलांचं काम. दुसरीत साक्षीदार येतात, शपथ घेतात, उलटतपास होतो, शेवटी निकाल लागतो. नववी ते बारावीच्या मुलांना दुसरी झेपते आणि आवडतेही. इथं तिचीच तयारी सांगितली आहे. उदाहरणाचा खटला सांगलीच्या मार्केट यार्डातला घेतला आहे, पूर्ण काल्पनिक. साताऱ्यात करणार असाल तर हळदीच्या जागी दुसरा माल घ्या, सांगाडा तोच राहील.

सुरुवातीलाच एक गोष्ट मुलांच्या डोक्यात पक्की बसवा. हे नाटक नाही. संवाद लिहून पाठ करून घेतले की उलटतपासात दुसऱ्याच प्रश्नाला सगळं कोसळतं, कारण समोरचा वकील तुमच्या संहितेप्रमाणे विचारत नाही. मुलांनी पाठ करायचे ते कागद : फिर्याद, जबाब, पंचनामे.

खटला निवडताना

खून नको. शवविच्छेदन अहवाल, रासायनिक विश्लेषण, वैद्यकीय अधिकाऱ्याची साक्ष हे सगळं मागे लागतं आणि मुलं रक्ताच्या डागांतच अडकतात. बालकांवरचे, स्त्रियांवरचे गुन्हे तर वर्गात नकोतच. चोरी, मारामारी, निष्काळजीपणे वाहन चालवणं असे विषय पुरतात.

आपला खटला असा. आडत्याच्या गोदामातून रात्री राजापुरी हळदीची तीन पोती गेली. प्रत्येकी ५० किलो, दर १५० रुपये किलो धरला, म्हणजे माल २२,५०० रुपयांचा. हा आकडा उगाच निवडलेला नाही. भारतीय न्याय संहिता २०२३ च्या कलम ३०३ मध्ये चोरी येते. माल पाच हजारांच्या आतला असेल तर गुन्हा अदखलपात्र होतो, पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपासच करू शकत नाहीत, आणि तुमचा तपासी अंमलदार पहिल्याच प्रश्नाला उघडा पडतो. वीस हजारांपर्यंतचा माल असेल तर खटला संक्षिप्त पद्धतीनं चालतो, साक्षी सविस्तर नोंदवल्या जात नाहीत. म्हणून वीस हजारांच्या वर. दोन पोती ठेवून हा खटला लिहिला की कायदा जाणणारा कुणीही परीक्षक तिथंच बोट ठेवतो.

आरोपी हा त्याच आडत्याकडचा जुना टेम्पोचालक. पगाराच्या वादावरून काम सोडलेलं. हा वाद दोन्ही बाजूंना वापरता येतो : सरकार पक्ष म्हणेल सूड, बचाव पक्ष म्हणेल थकलेला पगार बुडवण्यासाठी खोटं गुंतवलं. रखवालदारानं रात्री दोनच्या सुमाराला चाळीस फुटांवरून, एका बल्बच्या उजेडात, छोटा हत्ती टेम्पो आणि पोती चढवणारा माणूस पाहिला. सकाळी आडत्यानं फिर्याद दिली ती ‘अज्ञात इसमाविरुद्ध’. रखवालदाराचा जबाब चार दिवसांनी. आरोपीच्या चुलतभावाच्या शेडमधून दोन पोती जप्त, तिसरं मिळालंच नाही. बचावाचा एक साक्षीदार : मिरज स्टेशनबाहेरचा चहावाला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आरोपी त्या रात्री दोनला त्याच्याकडे चहा पीत होता.

मिरज मुद्दाम. रात्रीच्या मोकळ्या रस्त्यानं मिरजेहून यार्डात यायला किती वेळ लागतो हे सांगलीच्या पोराला सांगावं लागत नाही. चहावाल्यानं ‘दोन’ म्हणजे नक्की किती वाजता म्हटलं यावर सरकारी वकिलाचा सगळा उलटतपास उभा राहतो. आरोपी त्या रात्री पुण्यात होता असं लिहिलं असतं, तर एकतर तो सुटला असता किंवा चहावाला खोटारडा ठरला असता, मधलं काही उरलं नसतं. दोन्ही बाजूंकडे जवळपास सारखंच दारूगोळा हवा. लिहून झाल्यावर दोन शिक्षकांना कागद वाचायला द्या. दोघांनीही न अडखळता एकच निकाल सांगितला, तर एखादी तथ्यं बदला.

आरोपीला नाव देताना जात-धर्म सूचित होईल असं आडनाव टाळा. वर्गातल्या कुणाचं आडनाव किंवा गावही नको. नुसतं ‘आरोपी’, ‘फिर्यादी’ म्हटलं तरी चालतं.

फाइलमध्ये काय हवं

फिर्याद, साक्षीदारांचे पोलिसांपुढचे जबाब, घटनास्थळ पंचनामा, निवेदन पंचनामा (माल कुठं ठेवला हे आरोपीनं पंचांसमोर सांगितलं त्याची नोंद), जप्ती पंचनामा, गोदामाचा नकाशा, दोषारोपपत्र, आणि बचावाच्या साक्षीदाराची एक पानी टिपण. सगळं मिळून बारा ते पंधरा पानं. त्यापेक्षा जास्त झाली की मुलं वाचत नाहीत.

पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते. ही चूक जवळपास प्रत्येक शाळेच्या फाइलमध्ये सापडते, शिक्षक कौतुकानं सह्या घेतात. फिर्यादीवर मात्र सही हवी. पंचनाम्यावर दोन्ही पंचांच्या सह्या, वेळ सुरू झाल्याची आणि संपल्याची.

मुद्देमाल म्हणून दोन रिकामी पोती आणा, आत भुसा भरा, वर दुकानाचा शिक्का उमटवा, लाखेचं सील आणि पंचांच्या सहीची चिठ्ठी लावा. एका पोत्याच्या चिठ्ठीवर एका पंचाची सही मुद्दाम राहू द्या आणि कुणालाही सांगू नका. बचावातल्या ज्या मुलीला ती दिसेल, तिनं कागद खरोखर पाहिले.

सरकार पक्षाला जे कागद मिळतात ते सगळे त्याच दिवशी बचावाला मिळाले पाहिजेत. आरोपीला दोषारोपपत्रासोबतचे कागद मिळणं हा त्याचा हक्क आहे. आयत्या वेळी खिशातून पुरावा काढणं हे सिनेमात.

वर्गाची वाटणी

चाळीस मुलांचा वर्ग धरला तर सरकार पक्षाचे तीन वकील, बचावाचे तीन, सरकारी साक्षीदार चार (आडत्या, रखवालदार, पंच, तपासी अंमलदार), बचावाचा एक, आरोपी, न्यायदंडाधिकारी, बेंच क्लार्क, स्टेनो, पट्टेवाला आणि आरोपीजवळचा पोलीस. झाले सतरा. प्रत्येक वकिलामागे एक ज्युनिअर द्या, तेवीस. उरलेल्या सतरा जणांनी खटला ऐकून प्रत्येकी स्वतःचा निकाल लिहायचा. बघ्यांना हे काम नसेल तर दुसऱ्या साक्षीदारापासून मागे कुजबुज सुरू होते.

सगळ्यात बोलकं पोर न्यायाधीश करू नका. साताऱ्याजवळच्या माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, त्यामुळं खुर्चीत बसलेला प्रत्येकजण रामशास्त्री बाण्यानं भाषण ठोकायला जातो. दंडाधिकारी ऐकतो जास्त, बोलतो कमी. जमत असेल तर एखादा वकील किंवा विधी महाविद्यालयातला शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी खुर्चीत बसवा. बोलकं पोर उलटतपासाला द्या असंही नाही. तिथं नेमके प्रश्न विचारून गप्प बसणारं पोर लागतं. बोलक्याला अखेरचा युक्तिवाद द्या.

पहिला आणि दुसरा आठवडा

पहिल्या आठवड्यात वकील-साक्षीदार असं काहीच वाटू नका. सगळ्या वर्गानं सगळे कागद वाचायचे आणि फळ्यावर तीन रकाने भरायचे : काय घडलं, कोण सांगतं, कुठल्या कागदात. ‘आरोपीनं पोती चोरली’ हे पहिल्या रकान्यात आलं की पुसा. तो निष्कर्ष आहे. ‘रखवालदार सांगतो की चाळीस फुटांवर एक माणूस पोती चढवत होता’ हे तथ्य.

एका संध्याकाळी मैदानावर चाळीस फूट मोजा, एक बल्ब लावा आणि एका मुलाला पाठीवर पोतं घेऊन उभं करा. चेहरा दिसतो का, उंची दिसते का, चाल ओळखू येते का, हे प्रत्येकानं लिहायचं. मुलांचं एकमत होत नाही, आणि त्या मतभेदातून दोन्ही बाजूंचे निम्मे प्रश्न तयार होतात.

दुसऱ्या आठवड्यात खरं न्यायालय दाखवा. न्यायालयाचं कामकाज खुलं असतं, पण पंचवीस-तीस मुलं न सांगता नेऊ नका. प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या नावे शाळेच्या लेटरहेडवर पंधरा दिवस आधी पत्र द्या, किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत जा. शाळांमध्ये कायदेविषयक जागृती हे त्यांचं कामच आहे, आणि मार्गदर्शनासाठी वकील मिळण्याची शक्यताही तिथंच. साताऱ्यात इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालयात विचारा. मोबाईल बंद, फोटो नाही, मागच्या बाकावर गप्प बसायचं. मुलांना एवढंच पाहायला सांगा : साक्षीदार उत्तर देतो तेव्हा बघतो कुणाकडे, आणि वकील पुढचा प्रश्न विचारण्याआधी कशासाठी थांबतो. उत्तर : साक्षीदारानं न्यायाधीशांकडे बघायचं, वकिलानं नोंद होईपर्यंत थांबायचं. हे न पाहिलेली मुलं स्पर्धेत एकमेकांवर धावून जाऊन भांडतात.

न्यायालयात काय दिसत नाही तेही दाखवा. हातोडा नाही. ‘ऑर्डर ऑर्डर’ नाही. गीतेवर हात नाही. शपथ तोंडी असते : ‘मी ईश्वरसाक्ष शपथ घेतो की, खरे सांगेन…’, ज्याला ईश्वराचं नाव नको तो गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो. ज्युरी नाही. दंडाधिकाऱ्यांना ‘माय लॉर्ड’ म्हणत नाहीत, ‘सर’ किंवा ‘मॅडम’, मराठीत ‘मा. न्यायालय’. तालुका-जिल्हा न्यायालयाची भाषा मराठी आहे, तेव्हा मुलांना इंग्रजीची धास्ती घेऊ देऊ नका.

सरतपास

आपल्या साक्षीदाराला विचारतात तो सरतपास. यात सूचक प्रश्न चालत नाही, म्हणजे ज्या प्रश्नात उत्तर दडलेलं आहे तो. मुलांचा पहिला प्रश्न हमखास असा येतो : ‘तुम्ही आरोपीला पोती टेम्पोत टाकताना पाहिलंत ना?’ लगेच हरकत. तोच मजकूर असा काढायचा :

‘त्या रात्री दोनच्या सुमाराला कुठं होता?’
‘गोदामाच्या फाटकाशी, खाटेवर.’
‘मग काय झालं?’
‘गाडीचा आवाज आला.’
‘तुम्ही काय केलंत?’
‘उठून बघितलं.’
‘काय दिसलं?’

कुठं, कधी, काय, कसं, मग पुढं काय. एवढ्या पाच शब्दांवर सरतपास चालतो. एका प्रश्नात एकच गोष्ट. प्रत्येक साक्षीदाराला पाच मिनिटं, म्हणजे बारा-पंधरा प्रश्न. शेवटचा प्रश्न ओळखीचा : ‘तो माणूस आज न्यायालयात हजर आहे का?’ साक्षीदारानं बोट दाखवून सांगायचं.

साक्षीदारांना फक्त स्वतःचा जबाब द्या, आणि इतरांच्या साक्षी चालू असताना बाहेर बसवा. जबाबाबाहेरचं विचारलं तर ‘आठवत नाही’ किंवा ‘सांगता येणार नाही’. मनानं नवी माहिती जोडायची नाही हा नियम लेखी द्या आणि त्यासाठी गुण कापा. पंचाच्या भूमिकेतल्या मुलाला पंच म्हणजे काय हे नीट सांगा. तो पोलिसांचा माणूस नाही, त्याच्यासमोर काय सापडलं एवढंच सांगणारा तिऱ्हाईत आहे.

उलटतपास : इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

पाच आठवड्यांतले दोन यातच गेले तरी हरकत नाही. इथं सूचक प्रश्न चालतात, किंबहुना तेच विचारायचे. प्रत्येक प्रश्न असा हवा की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ यापलीकडे जाऊ नये, आणि त्याचं उत्तर तुमच्या हातातल्या कागदात असावं. बचावाच्या वकिलाचं टिपण असं दिसलं पाहिजे :

‘पोलिसांनी तुमचा जबाब घटनेनंतर चार दिवसांनी घेतला?’
‘हो.’
‘त्या चार दिवसांत तुम्ही रोज कामावर होता?’
‘हो.’
‘आडतेसाहेब रोज दुकानात येत होते?’
‘हो.’
‘आरोपी तुमच्या आधीच्या ओळखीचा होता?’
‘हो.’

इथं बसायचं. मुलं बसत नाहीत. पाचवा प्रश्न येतोच : ‘मग मालकाला नाव का नाही सांगितलंत?’ आणि रखवालदार म्हणतो, ‘भीती वाटली साहेब, तो टेम्पोवाला आहे, वाटेत गाठला असता.’ चार प्रश्नांत बांधलेलं घर एका ‘का’नं पडलं. उलटतपासात ‘का’ विचारायचा नाही, हे कागदावर लाल शाईनं लिहून द्या. ‘चार दिवस रोज मालक समोर, माणूस ओळखीचा, तरी फिर्यादीत अज्ञात इसम’ हे वाक्य अखेरच्या युक्तिवादासाठी राखून ठेवायचं.

सरावाची रीत : उलटतपास घेणाऱ्यानं प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहावेत, एका चिठ्ठीवर एक, मागं त्या उत्तराचा कागद आणि पान. ज्या चिठ्ठीमागं पान नाही ती फाडायची. पंचवीसातल्या दहा उरतात.

साक्षीदार जबाबापेक्षा वेगळं बोलला तर ते पकडण्याची ठरलेली पद्धत आहे. रखवालदार म्हणाला, ‘मी त्याचा चेहरा स्पष्ट पाहिला.’ जबाबात आहे, ‘चालण्यावरून ओळखले.’ आधी विचारा, ‘पोलिसांना जबाब दिलात तेव्हा घटना ताजी होती?’ मग जबाबातला तो भाग वाचून दाखवा, असं सांगितलं होतं का विचारा, आणि त्या भागाला ‘अ’ अशी खूण करून घ्या. पुढं तपासी अंमलदार आल्यावर त्याच्याकडून ‘हा भाग साक्षीदारानं सांगितल्याप्रमाणं मी लिहिला’ हे वदवून घ्यायला विसरू नका. हा दुसरा टप्पा निम्म्याहून अधिक संघ विसरतात आणि सगळी मेहनत हवेत राहते.

शेवटी आपली बाजू साक्षीदारापुढं मांडायची : ‘पगार बुडवण्यासाठी मालकाच्या सांगण्यावरून तुम्ही खोटी साक्ष देत आहात.’ तो नाकारणारच, आणि नोंद होते ती त्याच्या तोंडी, अशी : ‘हे म्हणणे खरे नाही की, मी मालकाच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे.’ स्टेनोच्या भूमिकेतल्या मुलाला हा नकाराचा साचा आधी शिकवा, नाहीतर तो प्रश्नच उतरवून घेतो.

उलटतपासानंतर आपल्याच साक्षीदाराला पुन्हा विचारतात तो फेरतपास. तो एक मिनिट, आणि उलटतपासात जे नव्यानं आलं त्यावरच. गरज नसेल तर ‘फेरतपास नाही’ म्हणणं हे शहाणपण.

हरकती

चारच शिकवा : सूचक प्रश्न (फक्त सरतपासात), ऐकीव माहिती, असंबद्ध, आणि जाणकार नसलेल्या साक्षीदाराचं मत विचारणं. उभं राहायचं, ‘हरकत आहे, प्रश्न सूचक आहे’ एवढं म्हणायचं, कारण दिल्याशिवाय हरकत नाही. न्यायाधीश दुसऱ्या बाजूला विचारतील, मग ‘मान्य’ किंवा ‘फेटाळली’. प्रत्येक बाजूला सहाच हरकती असा नियम घाला. नाहीतर खटला हरकतींचाच होतो.

आरोपीबद्दल दोन मोठ्या चुका

पहिली : आरोपीला पिंजऱ्यात उभं करून सरकारी वकील त्याचा उलटतपास घेतो. सिनेमात शोभतं. प्रत्यक्षात सरकारचा पुरावा संपल्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खाली न्यायाधीश स्वतः आरोपीला त्याच्याविरुद्ध आलेल्या पुराव्याबद्दल विचारतात. शपथ नसते, सरकारी वकील प्रश्न विचारत नाही, आरोपी गप्प राहू शकतो. तो स्वतः लेखी मागणी करून साक्षीदार झाला तरच उलटतपास. न्यायाधीशासाठी असे सहा-सात प्रश्न आधीच टाइप करून ठेवा : ‘रखवालदार सांगतो की त्यानं तुला पोती चढवताना पाहिलं, याबाबत काय म्हणायचं आहे?’

दुसरी : ‘आरोपीनं पोलिसांसमोर गुन्हा कबूल केला आहे!’ असं युक्तिवादात गरजणं. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुराव्यात येत नाही. निवेदन पंचनाम्यात दोन वाक्यं ठेवा : ‘पोती मी चोरली’ आणि ‘पोती चुलतभावाच्या शेडमध्ये ठेवली आहेत, चला दाखवतो’. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ नुसार, त्या सांगण्यावरून माल सापडला असेल तर दुसरं वाक्य तेवढं वाचता येतं, पहिलं नाही. सरकारी वकिलानं पहिलं वाचायला तोंड उघडताच बचावानं उभं राहायचं. पूर्ण खटल्यात मुलांना सगळ्यात जास्त चमकायची संधी हीच. आणि शेड उघडी होती, तिथं कुणीही जाऊ शकत होतं, हे पंचाकडून काढून घेणं त्याच्या जोडीला.

दिवसाचं वेळापत्रक

दोन तासिका, नव्वद मिनिटं. दोषारोप आणि ‘गुन्हा कबूल आहे का’ याला ३ मिनिटं, सरकार पक्षाचं प्रास्ताविक ३ (दंडाधिकाऱ्यांसमोर असं भाषण फारसं होत नाही, पण बघ्यांना गोष्ट कळावी म्हणून ठेवा). चार साक्षीदार प्रत्येकी ११ म्हणजे ४४. आरोपीचा जबाब ५, बचावाचा साक्षीदार १०, दोन्ही युक्तिवाद ८-८. बेरीज ८१. उरलेल्या नऊ मिनिटांत निकाल. पट्टेवाल्याच्या हाती घड्याळ आणि एक मिनिट उरल्याची चिठ्ठी द्या. पुकारा करायला त्याला मोकळा गळा हवा, लाजरं पोर नको.

काळा कोट असेल तर ठीक, नसेल तर पांढरा सदरा पुरे. गळ्याला बँड नकोत, मुलं वकील नाहीत.

चौथ्या आठवड्यात पूर्ण रंगीत तालीम करा आणि त्यात बाजू बदला : बचावाच्या मुलांनी सरकार पक्ष चालवायचा. आपला साक्षीदार कुठं कच्चा आहे हे त्याशिवाय कळत नाही. पाचव्या आठवड्यात फक्त दुरुस्त्या. नवे प्रश्न बंद.

निकाल

‘आरोपी निर्दोष’ एवढं म्हणून उठायचं नाही. निकालपत्रात मुद्दे आणि निष्कर्ष समोरासमोर लिहितात. पहिला मुद्दा : ‘अमुक तारखेला आरोपीने फिर्यादीच्या गोदामातून हळदीची तीन पोती लबाडीने नेली, हे सरकार पक्षाने वाजवी संशयापलीकडे सिद्ध केले काय?’ समोर ‘होय’ किंवा ‘नाही’. दुसरा : ‘काय आदेश?’ समोर ‘अंतिम आदेशाप्रमाणे’. खाली कारणं, प्रत्येक कारणात साक्षीदाराचा क्रमांक आणि कागदाची निशाणी, म्हणजे पुराव्यात आलेल्या कागदाला न्यायालय देतं तो क्रमांक. बघ्यांचे सतरा निकालही याच नमुन्यात घ्या. दोषी ठरवलं तर शिक्षेबाबत आरोपीला ऐकल्याशिवाय आदेश द्यायचा नाही.

कारणांत ‘आरोपी चेहऱ्यावरूनच चोर वाटतो’ असं लिहिणारं एखादं पोर दरवर्षी निघतं. तो कागद परत द्या आणि निशाणी क्रमांक मागा.

खटला संपला की फाइल, चिठ्ठ्या आणि पोती जमा करून घ्या. पुढच्या तुकडीला तोच खटला द्यायचा असेल तर रखवालदाराचं अंतर चाळीसऐवजी पंधरा फुटांवर आणा आणि सही राहिलेली चिठ्ठी दुसऱ्या पोत्यावर लावा. जुन्या मुलांनी नव्यांना उत्तरं आधीच सांगितलेली असतात.